मोसंबीची साल आणि न शिजणारी डाळ

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती एक भिंत असते, आणि शेजारशेजारच्या दोन पेशींच्या भिंती ज्या पातळ थरामुळे एकमेकींना धरून राहतात, त्या थरातील मुख्य पदार्थाला पेक्टिन म्हणतात. दगडी बांधकामात दोन दगडांमध्ये चुन्याचा जो थर भरतात, त्याचे काम फळात, पाल्यात आणि डाळीच्या दाण्यात पेक्टिन करते. कच्चा पेरू दाताला कडक लागतो तो या थरामुळे, पिकलेला पेरू बोटाने दबतो तो हा थर विरघळू लागल्यामुळे, आणि साखरेत आटवलेला त्याचाच रस थंड झाल्यावर थरथरत्या वडीसारखा गोठतो तो पाण्यात उतरलेले हेच पेक्टिन पुन्हा एकमेकांत गुंतल्यामुळे. मराठीत या पदार्थाला स्वतंत्र नाव नाही. मात्र त्याच्याशी रोज व्यवहार होत नाही असे मराठी स्वयंपाकघर किंवा शेत सापडणे कठीण, आणि जालना जिल्ह्यात तर हा व्यवहार बागेपासून चुलीपर्यंत पसरलेला आहे.

परतूर तालुक्यातील वाटूर हे गाव जालना–मंठा रस्त्यावरच्या फाट्यामुळे दूरवर माहीत आहे. या भागातील काळ्या आणि मध्यम जमिनीत कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या बरोबरीने, जिथे विहिरीला पाणी टिकते तिथे, मोसंबीच्या बागा उभ्या आहेत. मोसंबी हे जिल्ह्याचे ओळखीचे फळ असून ‘जालना मोसंबी’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र जिल्ह्यातच बदनापूर येथे आहे, आणि त्याच बदनापुरात तुरीवरही दीर्घकाळ संशोधन चालत आले आहे. मराठवाड्यातील शेतकरी ज्या तुरीला ‘बीडीएन ७११’ म्हणून ओळखतो, तिच्या नावातील तीन अक्षरे बदनापूरचीच आहेत. एकाच गावात मोसंबी आणि तूर यांचा अभ्यास व्हावा हा कृषी प्रशासनाच्या सोयीचा भाग असेल, परंतु पेक्टिनच्या दृष्टीने पाहिले तर ही दोन पिके एकमेकांच्या फार जवळची आहेत, कारण एकीच्या सालीत जो पदार्थ विपुल आहे, तोच दुसरीच्या दाण्यात डाळ शिजणार की नाही हे ठरवतो.

पेक्टिनचा शास्त्रीय इतिहास भारतीय वाचकाला जवळच्या वाटणाऱ्या एका फळापासून सुरू होतो. फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई निकोला व्होकेलँ याने १७९० साली चिंचेचे पृथक्करण करताना तिच्या गरात गोठणारा एक पदार्थ असल्याचे नोंदवले, आणि १८२५ साली आंरी ब्राकोनो याने तोच पदार्थ अनेक वनस्पतींत असल्याचे दाखवून, गोठणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत सफरचंदाचा रस काढून उरलेल्या चोथ्यापासून द्रवरूप पेक्टिन बनू लागले, आणि कालांतराने सफरचंदाची जागा लिंबूवर्गीय फळांच्या सालीने घेतली. आज जगातील बहुतेक पेक्टिन या सालींपासूनच तयार होते.

चिंचेच्या संदर्भात एक घोळ मात्र दूर करायला हवा. चिंचेच्या गरात पेक्टिन असते, पण चिंचोक्यातील खळ हा वेगळा पदार्थ आहे. धनगरी घोंगडीला जो ताठपणा येतो तो चिंचोक्याच्या खळीमुळे. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून आणि शिजवून केलेली ही खळ घोंगडीवर चोळली की लोकरीचे धागे एकमेकांना धरतात आणि पावसाचे पाणी लगेच आत शिरत नाही. १९४०च्या दशकात देहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील संशोधकांनी या खळीतील द्रव्य साखरेबरोबर गोठते हे दाखवल्यावर त्यालाही काही काळ पेक्टिन म्हटले गेले, परंतु त्याची रासायनिक घडण निराळी आहे आणि ते आम्ल नसतानाही गोठते. नाव चुकले तरी निरीक्षण खरे होते, आणि पश्चिमेकडून महाग भुकटी आणण्याऐवजी आपल्या झाडाच्या टाकाऊ बीकडे पाहण्याची ती दृष्टी आजही अनुकरण करावी अशी आहे.

पेक्टिनची घडण समजून घेतल्याशिवाय त्याचे वागणे कळत नाही. गॅलॅक्ट्युरोनिक आम्ल नावाच्या, साखरेच्या कुळातील आम्लाचे शेकडो मणी एकापुढे एक ओवले की पेक्टिनची साखळी तयार होते. यांतील काही मण्यांवर मिथाइल गटाची टोपी बसलेली असते आणि काही मणी उघडे असतात. पाण्यात असताना उघड्या मण्यांवर ऋण विद्युतभार येतो, त्यामुळे साखळ्या एकमेकींना दूर लोटतात आणि द्रव फक्त दाटसर राहतो. अर्ध्याहून अधिक मण्यांवर टोपी असलेल्या पेक्टिनला गोठवायचे असेल तर दोन गोष्टी लागतात: लिंबासारखे आम्ल, जे हा विद्युतभार कमी करते, आणि भरपूर साखर, जी भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढून घेते व साखळ्यांना जवळ यायला भाग पाडते. जामच्या बाटलीतील विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के असावेत असा भारतीय अन्नसुरक्षा नियम आहे. तो टिकाऊपणासाठी महत्त्वाचा आहेच, पण त्या प्रमाणाच्या आसपासच असे पेक्टिन नीट गोठते हेही खरे आहे. टोप्या निम्म्याहून कमी असतील तर साखरेची गरज उरत नाही. तिथे कॅल्शियमचे कण दोन साखळ्यांच्या मधल्या खळग्यांत जाऊन बसतात, आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तशी ती रचना घट्ट होते. मधुमेही व्यक्तींसाठी कमी साखरेचे जाम बनते ते याच प्रकारच्या पेक्टिनवर.

कॅल्शियम आणि पेक्टिन यांची ही जवळीक मराठवाड्यातील घराघरांत अनुभवाला येते, फक्त तिथे ती त्रासाच्या रूपाने येते. बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ कितीही उकळली तरी बोटचेपी होत नाही, वरणात दाणे वेगळे आणि पाणी वेगळे राहते, आणि त्याच डाळीला पावसाचे किंवा नदीचे पाणी मिळाले की ती विनातक्रार शिजते, हा अनुभव नवा नाही. खोल खडकातून आणि चुनखडीच्या थरांतून आलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. डाळ शिजणे म्हणजे तिच्या पेशींमधील पेक्टिन विरघळून पेशी सुट्या होणे. परंतु पाण्यातील कॅल्शियम त्या पेक्टिनला आधीच जखडून टाकते आणि मग उष्णता कितीही दिली तरी तो सांधा सुटत नाही. चिमूटभर सोडा घातला की माध्यम अल्कधर्मी होते आणि पेक्टिनची साखळी तुटू लागते, म्हणून डाळ मऊ होते. मात्र या सोड्याने डाळीतील थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते, ही किंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. डाळ शिजण्यापूर्वीच चिंच किंवा टोमॅटो घातला तर ती कडक राहते, कारण आम्लात हे पेक्टिन सहजी विरघळत नाही, आणि म्हणूनच आमटीत चिंचेचा कोळ शेवटी घालण्याची रीत पडली. दोन-तीन पावसाळे पाहिलेली जुनी डाळ शिजत नाही त्यालाही संशोधक असेच स्पष्टीकरण देतात: दाण्यातील फायटिक आम्ल, जे एरवी कॅल्शियमला धरून ठेवते, ते उष्ण व दमट साठवणीत हळूहळू मोडते, आणि मोकळे झालेले कॅल्शियम पेक्टिनकडे जाते.

हाच दोष काही पदार्थांत गुण म्हणून वापरला जातो. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत भिजत ठेवतात ते त्यांतील पेक्टिन कॅल्शियमने घट्ट व्हावे आणि पाकात उकळताना त्यांचा लगदा होऊ नये म्हणून. अंबाडीच्या बाबतीत मात्र नेमके उलटे हवे असते. दोर, कासरा आणि चऱ्हाट वळण्यासाठी अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवल्या की जिवाणू सालीतील पेक्टिन खाऊन टाकतात, तंतूंना धरून ठेवणारा गोंद नाहीसा होतो आणि वाख सुटा होतो. पेक्टिनला ‘नैसर्गिक तंतू’ म्हटले जाते तेव्हा डोळ्यांसमोर असा वाख येण्याचा संभव असतो, आणि म्हणून येथे स्पष्ट करावे लागते की पेक्टिन हा दिसणारा धागा नव्हे. आहारशास्त्रात तंतुमय पदार्थ म्हणजे लहान आतड्यात न पचता पुढे जाणारा वनस्पतीचा भाग. त्यात गव्हाच्या कोंड्यासारखा न विरघळणारा चोथा येतो, आणि पाण्यात पूर्ण विरघळून द्रवाला दाटपणा देणारे पेक्टिनही येते. चोथा या शब्दातून पहिल्याचे चित्र उभे राहते, दुसऱ्याचे राहत नाही. त्यामुळे फळाचा रस गाळून पिणाऱ्याला आपण काय गमावले याची कल्पना सहसा नसते.

शरीरातील त्याचे काम असे चालते. विरघळलेल्या पेक्टिनमुळे आतड्यातील द्रव दाट होतो, साखर रक्तात सावकाश उतरते, आणि पित्ताम्लांचा काही भाग त्या दाट द्रवात अडकून शरीराबाहेर जातो. ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जिवाणू पेक्टिन जवळजवळ पूर्णपणे आंबवतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही लहान आम्ले तयार होतात, ज्यांतील शेवटचे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे इंधन आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली दिलेल्या मतानुसार, रक्तातील कोलेस्टेरॉल सामान्य पातळीवर राखण्यासाठी दिवसाला किमान ६ ग्रॅम, आणि जेवणानंतरची साखरेची वाढ सौम्य करण्यासाठी एका जेवणाबरोबर १० ग्रॅम पेक्टिन लागते. बहुतेक फळांच्या खाण्याजोग्या भागात शंभर ग्रॅममागे साधारण अर्धा ते दीड ग्रॅम पेक्टिन असते, हे लक्षात घेतले तर एखाद्या फळाने कोलेस्टेरॉल उतरते अशा जाहिरातींचे वजन कळते. फळ रोज खाणे हिताचेच आहे, परंतु औषधाच्या मात्रेचे काम त्याच्याकडून अपेक्षिणे योग्य नाही. पेक्टिनची भुकटी घेणाऱ्याने ती भरपूर पाण्याबरोबर आणि नेहमीच्या गोळ्यांपासून वेगळ्या वेळी घ्यावी, कारण दाट द्रवात औषधेही अडकू शकतात.

लहान मुलांच्या जुलाबात कच्ची केळी उकडून देण्याच्या रीतीला मिळालेला आधार मात्र अधिक ठोस आहे. ढाक्यातील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दीर्घकाळ जुलाब होणाऱ्या बालकांना तांदळाच्या पेजेसारख्या आहारात शिजवलेली कच्ची केळी किंवा पेक्टिन घालून दिल्यावर, नुसता तो आहार घेणाऱ्या बालकांपेक्षा ती लवकर बरी झाली. पाणी आणि क्षार भरून काढण्याची गरज त्याने संपत नाही.

मोसंबीकडे पुन्हा वळताना प्रथम तिचे फळ आडवे कापून पाहिले पाहिजे. बाहेरचा पिवळट हिरवा, तेलाच्या सूक्ष्म पिशव्यांनी भरलेला पापुद्रा, त्याच्या आत पांढरा, स्पंजासारखा मऊ थर, आणि मग फोडी. पेक्टिनचा खरा साठा त्या पांढऱ्या थरात आणि फोडींच्या पातळ आवरणांत आहे, म्हणजे खाणारा नेमका जो भाग सोलून टाकतो किंवा थुंकतो त्यात. वाळवलेल्या लिंबूवर्गीय सालीत वजनाच्या २० ते ३० टक्के पेक्टिन असते. शंभर किलो मोसंबीचा रस काढला तर निम्म्याच्या आसपास साल, चोथा आणि बिया उरतात. त्यातील पाणी जाऊन दहा-बारा किलो वाळलेली साल मिळते, आणि काटेकोर प्रक्रिया झाली तर तीतून ढोबळमानाने दोन किलो भुकटी निघावी.

ही भुकटी जाममध्ये जाते, तशीच ती पिण्याच्या दह्यात जाते, जिथे ती दुधाच्या प्रथिनांभोवती बसून आंबट माध्यमात त्यांचा साका होऊ देत नाही. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनणाऱ्या जिलेटिनऐवजी पेक्टिन वापरलेल्या चघळायच्या गोळ्या शाकाहारी कुटुंबांना चालतात. पोटावर कृत्रिम मलमार्ग केलेल्या रुग्णांच्या त्वचेवर जी चिकट चकती बसवतात, तिच्यातही ओलावा शोषून त्वचेला इजा न करणारा घटक म्हणून ते असते. जळगावात पेक्टिनचे उत्पादन होते, तरीही या साऱ्या गरजेचा मोठा भाग देशाला बाहेरून भागवावा लागतो. जिल्हाभर मोसंबी असताना असे का, हा प्रश्न साहजिक आहे.

पहिले उत्तर असे की साल वाटुरात नसते. जालन्याची मोसंबी प्रामुख्याने ताजे फळ म्हणून विकली जाते आणि दूरच्या शहरांतील हातगाड्यांवर व ज्यूस सेंटरवर तिचा रस निघतो, त्यामुळे साल हजार ठिकाणी विखुरते आणि तासाभरात कचऱ्यात मिसळते. जिल्ह्यातच मोठ्या प्रमाणावर रस काढून साठवावा तर फळाचा स्वभाव आड येतो. ताज्या रसात चव नसलेले एक द्रव्य आम्लाच्या सान्निध्यात काही तासांत लिमोनिन या कडू द्रव्यात बदलते, आणि सकाळचा गोड रस दुपारी कडवट लागतो. त्याच वेळी रसातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, पेक्टिनवरच्या टोप्या काढू लागते, उघड्या झालेल्या साखळ्या कॅल्शियमशी बांधल्या जाऊन तळाला बसतात आणि वर पाण्यासारखा निवळ थर दिसू लागतो. ग्लास ठेवून दिला की रस ‘फाटला’ असे वाटते ते यामुळे.

दुसरे उत्तर प्रक्रियेत आहे. साल निघताक्षणी उकळत्या पाण्यातून काढून ते विकर निष्प्रभ करावे लागते, साखर आणि कडवटपणा धुवावा लागतो, नंतर तीव्र आम्लाच्या गरम पाण्यात तासन्‌तास ठेवून पेक्टिन उतरवावे लागते, ते गाळून अल्कोहोलमध्ये साकळवावे लागते आणि वापरलेले अल्कोहोल पुन्हा मिळवावे लागते. यात पाणी अतोनात लागते. २०१२-१३च्या दुष्काळात ज्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी टँकरच्या पाण्यावर झाडे जगवण्याचा प्रयत्न केला आणि तरीही वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली, त्या जिल्ह्यात असा कारखाना उभारण्याची भाषा जपूनच करायला हवी. युरोपातील पेक्टिनचे कारखाने लॅटिन अमेरिकेतून वाळवलेली साल जहाजाने आणतात, यातून एक वेगळा मार्ग दिसतो: भुकटी बनवण्याऐवजी नीट धुतलेली, वाफवलेली, वाळवलेली साल हाच विक्रीचा माल मानणे. मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास निघतात, तेव्हा मराठवाड्यातील ऊन सालीला दोन दिवसांत कोरडे करू शकते. आंबे बहाराची फळे पावसाळ्यात किंवा त्याच्या शेवटी येतात, त्यामुळे तिथे बुरशीचा धोका आहे. फळांवर शेवटची फवारणी कधी झाली हेही अशा मालात पाहिले जाईल, कारण औषधांचे अंश सालीतच अधिक राहतात.

वाटुरात जे खरोखर उरते ते गळलेले फळ. मोसंबी उत्पादकाच्या बोलण्यात फळगळ हा शब्द भावाइतकाच वारंवार येतो, आणि तिच्या मुळाशीही पेक्टिनच आहे. फळ आणि देठ यांच्या सांध्यावर पेशींचा एक पातळ थर असतो. पाण्याचा ताण, अन्नद्रव्यांची कमतरता, बुरशी किंवा रसशोषक पतंगाचा डंख यांमुळे फळातील संजीवकांचा तोल बिघडला की त्या थरात पेक्टिन कापणारी विकरे तयार होतात, सांधा विरघळतो आणि फळ स्वतःच्या वजनाने खाली येते. जिबरेलिक आम्लासारख्या संजीवकाची अत्यल्प प्रमाणात फवारणी सुचवली जाते, ती हा सांधा टिकावा म्हणून. रोगाने गळलेली फळे गोळा करून खड्ड्यात पुरणे हेच बागेच्या हिताचे. मात्र वाऱ्याने पडलेली किंवा विरळणीत काढलेली निरोगी कच्ची फळे वेगळी ठेवता येतात, कारण कच्च्या फळात पेक्टिनचा अंश चांगला असतो आणि त्यांना बाजारात कोणी विचारत नाही.

घरच्या पातळीवर तर कोणत्याच यंत्राची गरज नाही. मोसंबीचा पांढरा थर आणि बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून, लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात अर्धा-पाऊण तास मंद उकळल्या की पाणी बुळबुळीत होते, आणि हे पाणी पपई किंवा सीताफळासारख्या, स्वतः नीट न गोठणाऱ्या फळाच्या जाममध्ये घालता येते. पेरू आणि कवठ यांना अशा मदतीची गरज नसते. बांधावरच्या कवठाच्या गराची जेली आपोआप बसते, फक्त तीन भाग पिकलेल्या फळाबरोबर एक भाग अर्धकच्चे फळ घ्यावे. रस आटत आला की चमचा आडवा धरून पाहावा: थेंब थेंब गळत असेल तर वेळ आहे, आणि दोन थेंब एकत्र येऊन पापुद्र्यासारखे सरकून पडले तर विस्तव बंद करावा. त्यापुढे उकळत राहिल्यास आम्लात साखळ्याच तुटतात आणि जेली कधीच बसत नाही.

ज्यूस सेंटरच्या मागे साठलेली साल शेवटी बहुधा शेळ्यांच्या वाट्याला जाते. त्यांच्या पहिल्या पोटातील जिवाणू हे पेक्टिन गवतातील कठीण तंतूंपेक्षा कितीतरी लवकर आंबवतात आणि त्यातून निघालेल्या ॲसिटिक आम्लाचा उपयोग दुधातील स्निग्धांश तयार होण्यास होतो.